'घरच्यासारखी'मधले 'सारखी'

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जमैका किंकेड यांच्या 'लूसी' या कादंबरीचे सविस्तर परीक्षण वाचले. कॅरिबियन बेटावरून अमेरिकेत मुले सांभाळण्याच्या कामाला आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची ही गोष्ट १९९० साली पुस्तकरूपाने आली. त्याआधी तिची प्रकरणे 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात एकेक करून छापून आली होती. दोनशे पानेही नसलेल्या या पुस्तकाला मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि पुढे जे लिहिणार आहे ते तक्रारीच्या सुरात असले तरी तो आनंद उणावलेला नाही.

तक्रार अशी की, परीक्षणकर्त्यांनी हे पुस्तक मालकिणीच्या दिवाणखान्यात बसून वाचले आहे. मराया ही उदार, सुशिक्षित, प्रेमळ मालकीण. तिने लूसीला 'अगदी घरच्यासारखे' वागवले. तरीही लूसी फटकून राहते, फुले दाखवली तर चिडते, आईची पत्रे फोडत नाही आणि वर्षभरात घर सोडून जाते. म्हणून ती 'कृतघ्न', आणि शेवटच्या पानावरचे तिचे रडणे म्हणजे 'पश्चात्ताप', अशी त्यांची मांडणी आहे. मला लूसीत कृतघ्नपणा कुठेच दिसत नाही. त्या घरातली आपली जागा तिला नेमकी कळलेली आहे, आणि 'घरच्यासारखी' या शब्दात 'घरची' किती आणि 'सारखी' किती, याचा हिशेब ती पहिल्या दिवसापासून ठेवते आहे. ज्या घरात आपण जन्मलो त्या घराबद्दल 'मला घरच्यासारखे वागवतात' असे कोणी म्हणत नाही. कादंबरीचा सगळा भार त्या 'सारखी'वर आहे, आणि परीक्षणातून नेमके तेवढेच निसटले आहे.

मुद्द्याकडे वळण्याआधी दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या. लेखिका जमैकाच्या नव्हेत, अँटिग्वाच्या. १९४९ साली सेंट जॉन्स येथे जन्मलेल्या या मुलीचे नाव इलेन पॉटर रिचर्डसन. 'जमैका किंकेड' हे नाव तिने १९७३ साली लेखनासाठी स्वतः घेतले, त्यामुळे हा घोटाळा जगभर होतो आणि तो क्षम्य आहे. कादंबरीत बेटाचे नाव येत नाही आणि शहराचेही येत नाही. ते न्यूयॉर्क आहे हे आपण ओळखतो, एवढेच. लूसीला स्वप्नात आजीच्या हातचे जेवण दिसते तेथे परीक्षणात 'हिरवी अंजिरे' असे भाषांतर केले आहे. त्या बेटांवर 'हिरवी फिग' म्हणजे कच्ची केळी. लाल-गुलाबी मासा आणि कच्ची केळी नारळाच्या दुधात शिजवलेली, असा तो साधा घरगुती पदार्थ आहे. अंजीर घातले की तो कोणत्या तरी मेजवानीतला वाटू लागतो, आणि आठवणीची चवच बदलते.

चौथी दुरुस्ती किरकोळ नाही. परीक्षणात लूसीला कुठे 'आया', कुठे 'मोलकरीण' म्हटले आहे. त्या घरात मोलकरीण वेगळी आहे, आणि तिचे लूसीशी पटत नाही. लूसी दिवसा चार मुली सांभाळते आणि रात्री शिकायला जाते. अशा मुलीला इंग्रजीत फ्रेंचमधून उसना घेतलेला शब्द आहे, 'ओ पेअर', आणि त्याचा मूळ अर्थ 'बरोबरीच्या नात्याने' असा होतो. बरोबरीच्या नात्याने आलेल्या या मुलीची खोली मात्र स्वयंपाकघराला लागून आहे, म्हणजे मोलकरणीसाठी बांधलेली. छत उंच आणि भिंती थेट छताला भिडलेल्या, त्यामुळे तिला ती खोली दूरच्या प्रवासाला धाडायच्या मालाच्या खोक्यासारखी वाटते, आणि लगेच ती स्वतःला सांगते की आपण माल नाही. आफ्रिकेतून जहाजांच्या तळघरात माल म्हणून आणलेल्या माणसांची ही पणती-खापरपणती आहे, हे ठाऊक असेल तर त्या एका उपमेपाशी वाचकाला थांबावे लागते. लेखिका मात्र तेथे थांबत नाही; गुलामगिरी हा शब्दही न उच्चारता ती पुढे जाते. किंकेड यांच्या शैलीबद्दल परीक्षणात 'कोरडी' असे विशेषण आले आहे. मला ती कोरडी वाटत नाही, झाकण घट्ट लावलेली वाटते.

पहिल्याच प्रकरणात एका रात्री जेवणाच्या टेबलावर घरमालक लुइस लूसीला म्हणतो की, ती या घरात राहत असल्यासारखी वाटतच नाही, येता-जाता डोकावलेली पाहुणी असल्यासारखी वाटते. बोलण्यात माया आहे, थोडी थट्टाही आहे. त्यावर लूसी आदल्या रात्री पडलेले स्वप्न सांगते. त्या स्वप्नात लुइस तिचा पाठलाग करतो, मराया त्याला तिला पकडायला सांगते, आणि शेवटी ती सापांनी भरलेल्या खड्ड्यात पडते. स्वप्न ऐकून नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात, घसा खाकरतात आणि स्वप्नांचा अर्थ लावणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचे नाव काढतात. लूसीला फ्रॉइड कोण ते माहीत नाही. तिच्या लेखी जी माणसे फार जवळची असतात तीच स्वप्नात येतात. म्हणजे स्वप्न सांगून तिने त्या दोघांना आपल्या माणसांत घेतले होते. आपण होऊन नाते जोडायचा हा प्रयत्न लूसीचा आहे, आणि तो समोरच्यांना ओळखता आलेला नाही. लूसी कुटुंबात मिसळत नाही, असे लिहिणाऱ्या परीक्षणात या प्रसंगाचा उल्लेखही नसावा, याचे मला फार आश्चर्य वाटले. चारही मुलींत धाकट्या मिरियमवर तर तिचा पहिल्या भेटीपासून जीव जडतो. आपल्या आईने आपल्याला जसे वाढवले तसे ती तिला जपते. कामाच्या करारात हे कुठे लिहिलेले नव्हते.

आता डॅफोडिलच्या फुलांचा प्रसंग. परीक्षणकर्त्यांचा सगळा रोष या प्रसंगावर आहे, आणि कादंबरीचे मर्मही माझ्या समजुतीप्रमाणे येथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. लूसी दहा वर्षांची असताना, राणी व्हिक्टोरियाचे नाव दिलेल्या मुलींच्या शाळेत, तिला डॅफोडिलवरची ती सुप्रसिद्ध इंग्रजी कविता पाठ करून भरसभेत म्हणावी लागली होती. ती तिने इतकी सुरेख म्हटली की सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या, शिक्षक खूश झाले, पाहुण्यांनी कौतुक केले. आणि आतल्या आत तिने ठरवले की ही कविता एकेक ओळ करून मनातून पुसून टाकायची. त्या रात्री स्वप्नात डॅफोडिलचे ताटवे अरुंद दगडी रस्त्यावरून तिच्यामागे धावत सुटले, ती दमून पडली आणि फुलांचा ढीग तिच्या अंगावर साचत गेला. अँटिग्वात डॅफोडिल उगवत नाही. त्या बेटावर १६३२पासून इंग्रजांचा अंमल होता, ऊस लावला गेला तोही त्यांच्यासाठी, आणि बेट स्वतंत्र झाले १९८१ साली. तेव्हा एका उष्ण बेटावरच्या काळ्या मुलीने कधीही न पाहिलेल्या फुलाचा आनंद तोंडपाठ करून दाखवायचा, हे त्या शिक्षणाचे स्वरूप होते. चौदाव्या वर्षी हीच मुलगी ब्रिटनच्या सागरी सत्तेचे गाणे गायला शाळेत नकार देते, हेही कादंबरीत पुढे येते.

मरायाला यातले काही ठाऊक नाही, आणि लूसीने तिला ती हकीगत सांगितल्यावरही कळत नाही. तिचा वसंत ऋतूवर जीव आहे. एके दिवशी ती लूसीला घेऊन बागेत जाते, तिचे डोळे रुमालाने बांधते, चालवत नेते आणि मग पट्टी सोडते. समोर झाडांखाली पिवळी फुलेच फुले. लूसीला ती ओळखूही येत नाहीत. पण ही फुले छाटून टाकावीत असे मात्र तिला त्याच क्षणी वाटते. मग ती थरथरत विचारते की, जी फुले मी एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाहणार नव्हते त्यांच्यावरची लांबलचक कविता मला दहाव्या वर्षी पाठ करावी लागली, हे तुमच्या लक्षात येते आहे का? मराया तिला जवळ घ्यायला हात पुढे करते आणि लूसी बाजूला सरकते. परीक्षणकर्ते लिहितात की 'निरागस भेटीचा असा अपमान क्वचितच वाचायला मिळतो'. भेट निरागस आहे हे मला मान्य आहे. पण डोळे कोणाचे बांधले होते आणि कोणाला दिसत नव्हते, हा प्रश्न लेखिकेने त्या रुमालासकट आपल्यापुढे ठेवला आहे. मरायाला फुले आवडण्यात काही चूक नाही. आपल्याला आवडते ते दुसऱ्यालाही आवडलेच पाहिजे, आणि ते आवडले नाही तर आपले मन दुखावते, ही सुखवस्तू माणसाची सवय आहे. लूसीने त्या वेळी तोंडदेखले 'किती सुंदर' म्हटले असते, तर परीक्षणकर्त्यांनी तिला कृतज्ञ म्हटले असते. तसे तर ती दहाव्या वर्षी एकदा म्हणून चुकली होती, टाळ्याही मिळवून चुकली होती.

याच जातीचे प्रसंग पुस्तकभर विखुरलेले आहेत. सुटीसाठी सगळे आगगाडीने मरायाच्या माहेरच्या तळ्याकाठच्या घरी निघतात, तेव्हा जेवणाच्या डब्यात बसून खाणारे सगळे मरायाच्या नातेवाइकांसारखे दिसतात आणि वाढणारे सगळे लूसीच्या. मरायाच्या ते ध्यानात येत नाही. सकाळी खिडकीतून नांगरलेली शेते मैलोन्‌मैल दिसतात, मराया हरखून जाते, आणि लूसी कठोर सुरात म्हणते की एवढे नांगरायला आपण नव्हतो हे देवाचे उपकार. मराया एकदा अभिमानाने सांगते की तिच्या रक्तात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचाही अंश आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे दुःखही आपल्या नावावर करून घ्यावे, ही करामत माणसाला साधते कशी, याचे लूसीला कोडे पडते. मराया पाणथळ जमिनी वाचवण्याच्या मोहिमेत गढलेली असते, तेव्हा लुइस शेअर दलालाशी रोज जे बोलतो त्याचा आणि नाहीशा होणाऱ्या त्या जमिनींचा काही संबंध आहे का, असे तिला विचारावे असे लूसीला वाटते. पण मरायाबद्दलच्या मायेपोटीच ती विचारत नाही. या मायेची नोंद परीक्षणाने घ्यायला हवी होती.

मराया वाईट बाई आहे, असे लेखिकेला म्हणायचे नाही आणि मलाही म्हणायचे नाही. ती वाईट असती तर पुस्तक सोपे झाले असते. दुष्ट मालकीण आणि सोशिक कामवाली, अशी गोष्ट वाचून आपण हळहळतो आणि मोकळे होतो. किंकेड यांनी मालकीण खरोखर चांगली रेखाटली, आणि तरीही कामाला ठेवणारी आणि कामाला राहिलेली यांच्यातली भिंत जागच्या जागी कशी राहते ते दाखवले.

या भिंतीला कायद्याचाही आधार होता, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. लूसीची जन्मतारीख कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात येते, ती २५ मे १९४९, म्हणजे लेखिकेचीच. त्यावरून कथेचा काळ १९६०च्या दशकाचा शेवट ठरतो. अमेरिकेत किमान वेतनाचा केंद्रीय कायदा १९३८ साली झाला, पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. काळ्या अमेरिकनांचा, त्यातही स्त्रियांचा, मोठा भाग त्या वेळी याच कामांत होता. घरकामगार त्या कायद्याखाली आले १९७४ साली, आणि तेव्हाही मालकाच्या घरी राहणाऱ्यांना जादा तासांच्या मोबदल्यातून वगळलेलेच ठेवले. म्हणजे लूसीसारख्या हजारो जणी ज्या काळात काम करत होत्या, त्या काळात केंद्रीय कायद्याच्या लेखी त्यांचे काम हे कामच नव्हते. न्यूयॉर्क राज्याने घरकामगारांच्या हक्कांचा वेगळा कायदा केला २०१० साली, आणि असा कायदा करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. आठवड्याला एक सुटी, ४० तासांवर (मालकाच्या घरी राहणाऱ्यांसाठी ४४ तासांवर) जादा मोबदला, आणि वर्षभर काम केल्यावर तीन दिवसांची पगारी रजा. तीन दिवस! त्यासाठी कॅरिबियन, लॅटिन अमेरिकी आणि आशियाई बायकांनी कित्येक वर्षे राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, खेपा घातल्या होत्या.

कॅनडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९५५ साली तेथील सरकारने जमैका आणि बार्बाडोस येथून घरकामासाठी तरुणी आणण्याची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी १०० जणी आल्या. तरुणी अविवाहित हवी, १८ ते ३५ वयाची हवी, आठवीपर्यंत तरी शिकलेली हवी, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालेली हवी. वर्षभर घरकाम करायचे, मग दुसरे काम शोधायची मोकळीक. येणाऱ्यांत शिक्षिका होत्या, कारकून होत्या. मूलबाळ नसावे ही अट असल्यामुळे कित्येकींनी आपली मुले कागदावर दाखवलीच नाहीत, आणि पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशाच कारणावरून जमैकाच्या सात जणींना देशाबाहेर काढण्याचे आदेश निघाले. मोठे आंदोलन झाले तेव्हा कुठे त्यांना राहता आले. दुसऱ्यांची मुले सांभाळायला या, पण स्वतःची मुले असू देऊ नका, असा तो सरळ व्यवहार होता.

थोडे स्वतःचे सांगते, कारण या पुस्तकाने मला धरून ठेवले ते यामुळेच. नातू लहान असताना मी दोनदा, सहा-सहा महिने, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मुलाकडे राहिले होते. सकाळी दहाच्या सुमारास बाबागाडी ढकलत प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये गेले की बाकांवर ग्रेनाडा, त्रिनिदाद, सेंट लुशिया, गयाना अशा ठिकाणच्या बायका दिसत, आणि प्रत्येकीसमोरच्या गाडीत गोरे मूल. मी साडी नेसलेली पाहून त्रिनिदादच्या एकीने मला पहिल्याच दिवशी विचारले की तुमची माणसे कोणत्या मळ्यावर होती; भारतातून तिकडच्या ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशातली मी, असे तिला वाटले होते. मीही तेथे मूलच सांभाळत होते. फरक एवढाच की मला त्याचे पैसे मिळत नव्हते आणि मला आजी म्हणत.

त्यांतली ग्रेनाडाची एक जण माझ्या बाकावर नेहमी बसे. ती सांभाळत असलेला मुलगा दोन वर्षांचा होता. एकदा तो धावताना पडला आणि त्याचा गुडघा खरचटला. तिने त्याला उचलले, फोन काढून आधी गुडघ्याचा फोटो घेतला, तो त्याच्या आईला पाठवला, आणि मग फुंकर घातली. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे, कारण ती आपण होऊन म्हणाली की संध्याकाळी डाग दिसला तर किती वाजता, कुठे, कसा, हे सगळे सांगावे लागते. फोटोवर वेळ येते. तिची स्वतःची मुलगी ग्रेनाडाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसला, आजीकडे होती. ब्रुकलिनमधल्याच फ्लॅटबुश वस्तीतल्या तिच्या खोलीत एक निळे पिंप होते आणि दर पगाराला ती त्यात काही ना काही टाकत असे: तांदूळ, तेल, डबाबंद मांस, साबण, वह्या. पिंप भरले की जहाजाने घरी. जमैकात अशा पिंपांवर वाढणाऱ्या मुलांना 'बॅरल चिल्ड्रन' असे नावच पडलेले आहे. एकदा तिने पाकिटातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर पेन्सिलने लहान पावलाची रेघ ओढलेली होती. शाळेचे बूट घ्यायचे होते. कागद येऊन तीन महिने झाले होते, पिंप पोचायला आणखी काही आठवडे लागणार, तेव्हा एक नंबर मोठा घ्यावा की दोन, असे ती मला विचारत होती. मुलांची पावले किती वेगाने वाढतात हे तिला दुसऱ्याच्या मुलावरून ठाऊक होते.

लूसीला मूल नाही, तिची ताटातूट आईशी आहे, आणि तीही तिने स्वतः ओढवून घेतली असे परीक्षण म्हणते. एकोणीस वर्षांच्या मुलीने एकोणीस पत्रे न फोडता ठेवावीत, हे वाचताना मलाही टोचले, मीही आई आहे. पण त्यामागचे कारण कादंबरीत स्पष्ट आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत ती एकुलती होती. मग एकामागून एक तीन भाऊ झाले, आणि प्रत्येक वेळी आई-वडील म्हणत की हा इंग्लंडला शिकायला जाईल, डॉक्टर होईल, वकील होईल. तिच्याबद्दल असे कोणी काही बोलले नाही. वडील असे बोलले ते तिने सोडून दिले. पण जिच्याशी आपण अगदी एकजीव आहोत असे तिला वाटत होते, ती आईसुद्धा तसेच बोलताना डोळे भरून आणते, तेव्हा काळजात सुरी फिरल्यासारखे तिला होते. लूसीने परिचारिका व्हावे आणि पैसे पाठवावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. किंकेड स्वतःही सोळा-सतरा वर्षांच्या असताना न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल येथे अशाच कामावर पाठवल्या गेल्या होत्या. त्यांनी घरी पैसे पाठवणे थांबवले आणि पुढे सुमारे वीस वर्षे घरी गेल्या नाहीत. मराया लूसीच्या या दुःखावर एक जाडजूड स्त्रीवादी ग्रंथ आणून देते. लूसी पहिल्या पानावरच तो मिटते. हाही परीक्षणात 'उर्मटपणा' ठरला आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे प्रकरण, जे परीक्षणात एका वाक्यात उरकले आहे. लुइसचे मरायाच्याच मैत्रिणीशी संबंध असतात, तो घर सोडतो, आणि मराया कोलमडते. त्या दिवसांत लूसी तिच्या सोबतीला असते. वर्ष भरत आल्यावर लूसी सांगते की आता मी निघते. आणि ही उदार, प्रेमळ, घरच्यासारखे वागवणारी मराया एकाएकी बदलते. आवाज कडक होतो, नवे नवे नियम निघू लागतात, ते पाळण्याचा आग्रह सुरू होतो. लूसी ते निमूट पाहते आणि ओळखते की ही आता मालकीण होऊन दाखवते आहे, कारण दुसरे काही हाताशी उरलेले नाही. घरची मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडली तर तिच्यावर नियम लादले जात नाहीत, तिची पिशवी भरली जाते. वर्षभर ज्या 'सारखी'वर पांघरूण होते ते लूसीच्या एका वाक्याने दूर झाले. लूसी कृतघ्न होती असे ज्यांना वाटते त्यांनी हे दीड-दोन पान पुन्हा वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.

दोघींचा पुढे समेट होतो, आणि मराया तिला लाल चामड्याची, कोऱ्या पानांची वही भेट देते. स्वतःच्या भाड्याच्या खोलीत, एकटी असताना, लूसी त्या वहीत आपले पूर्ण नाव लिहिते: लूसी जोसेफीन पॉटर. या नावाचा सगळा पसारा तिने आधी उलगडून दाखवलेला आहे. 'पॉटर' हे तिच्या पूर्वजांना विकत घेणाऱ्या कोणा इंग्रजाचे आडनाव असणार. 'जोसेफीन' हे क्यूबात साखरेवर श्रीमंत झालेल्या काकाच्या नावावरून, तो काही ठेवून जाईल या आशेने दिलेले. आणि 'लूसी' हे आईने रागात सांगितल्याप्रमाणे सैतानावरून. नाव लिहून झाल्यावर ती एकच वाक्य लिहिते. कोणावर तरी इतके प्रेम करता यावे की त्यात जीव जावा, अशा अर्थाचे ते आहे. मग तिला लाज वाटते, रडू येते, आणि अश्रूंनी अक्षरे फिसकटतात. परीक्षणकर्त्यांना हे रडणे मरायाबद्दलच्या पश्चात्तापाचे वाटले. त्या पानावर मराया नाही, लुइस नाही, मुली नाहीत. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वहीत, कोणी पाठ करायला न लावलेले पहिले वाक्य लिहिल्यावर आलेले ते रडू आहे.

माझ्या शेजारी बसणाऱ्या ग्रेनाडाच्या बाईकडेही वही होती. तारेने बांधलेली, मुखपृष्ठावर त्या मुलाचे नाव आणि एक हत्ती. ९.४० अर्धे केळे, १०.१५ घसरगुंडी, ११.०५ झोप, ११.५० रडत उठला, असे दिवसभर तीत लिहायचे आणि संध्याकाळी वही आईच्या हातात द्यायची. एकदा तिने ती मला चाळायला दिली. अक्षर सुरेख होते. गावी ती प्राथमिक शाळेत शिकवत असे. शेवटच्या पानावर त्या मुलाच्या आईच्या हाताने अडीअडचणीला लागणारे फोन नंबर लिहिलेले होते: आई, बाबा, आजी, डॉक्टर, खालच्या मजल्यावरची शेजारीण, प्रत्येकाचे नाव आणि आडनावासह. सहाव्या ओळीत तिचा नंबर होता आणि त्याच्यापुढे लिहिले होते, 'नॅनी'.

आपली,
एक नियमित वाचक